अरगॉनचा उजेड पकडताना

केंब्रिजचे प्राध्यापक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडायचा आणि क्विनीन सल्फेटच्या पातळ द्रावणाची परीक्षानळी त्यातून तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवत न्यायची. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांत द्रावण पाण्यासारखेच दिसले. जांभळ्याच्या टोकाशी मात्र ते निळसर उजळले. आणि त्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसत होता, तिथेही उजळलेलेच राहिले! अदृश्य अतिनील प्रकाश शोषून द्रावण निळा प्रकाश बाहेर टाकत होते. या गुणाला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी शोषलेल्या प्रकाशापेक्षा जास्त असते, हेही स्टोक्स यांनी दाखवून दिले. (हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळावी आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली धरावी. पिवळे द्रावण हिरवे चमकते. दिव्याकडे मात्र मुलांना थेट पाहू देऊ नये.)

अतिनील प्रदेशात जसजसे आत जावे तसतशी वाट बिकट होते. लाइपझिगच्या व्हिक्टर शूमान यांना १८९०च्या दशकात याचा पुरेपूर अनुभव आला. तिथला प्रकाश हवाच शोषून घेते, म्हणून त्यांनी वर्णपटलेखकातली हवा काढून टाकली. क्वार्ट्झ प्रकाश अडवतो, म्हणून लोलक आणि भिंगे फ्लोराइटची केली. छायाचित्रणाच्या काचेवरचे जिलेटिनही आड येते, म्हणून जवळजवळ जिलेटिनविरहित काचा स्वतः बनवल्या. एवढे केल्यावर ते १२० नॅनोमीटरच्या आसपास पोचले.

याच सुमारास, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅम्झी यांनी हवेतून अरगॉन वेगळा केला. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून त्याला ग्रीक भाषेतले ‘आळशी’ हे नाव मिळाले. पण उणे १८६ अंश सेल्सिअसला द्रवरूप झालेल्या या आळशातून विद्युतभारित कण गेला, की तो चांगलाच लखलखतो. उत्तेजित अणू शेजारच्या अणूशी क्षणभर जोडी करतो आणि जोडी फुटताना प्रकाश बाहेर पडतो. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेमागे सुमारे ४० हजार फोटॉन! उत्तेजित नसताना अशी जोडी टिकतच नाही, त्यामुळे हा प्रकाश शोषायला अरगॉनमध्ये कोणी नसते आणि तो दूरवर जातो. अडचण एकच. त्याची तरंगलांबी १२८ नॅनोमीटर, म्हणजे शूमान यांच्याच दुर्गम मुलखातली. प्रकाशगुणक नलिकेची काच तो आत येऊच देत नाही.

शेकडो टन द्रवाभोवती फ्लोराइटच्या खिडक्या किती बसवणार? तेव्हा उपाय स्टोक्स यांचाच. टेट्राफेनिल ब्युटाडाइन, थोडक्यात टीपीबी, १२८ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ४२० ते ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते. जुन्या ट्यूबलाइटच्या आतली पांढरी भुकटी पाऱ्याच्या वाफेच्या अतिनील प्रकाशाचे असेच रूपांतर करते. कार्लो रुबिया यांनी १९७७ मध्ये सर्न येथे द्रव अरगॉनच्या शोधकाची कल्पना मांडली. तिच्यातून उभा राहिलेला ‘इकारस’ इटलीतील ग्रान सास्सो येथे २०१० ते २०१३ चालला. त्याच्या नलिकांवर टीपीबीचा लेप होता. कणाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन दीड मीटर सरकायला सुमारे एक मिलिसेकंद घेतात. प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोचतो. त्यामुळे घटना नेमकी कधी घडली हे प्रकाशच सांगतो. तो दिसला नाही तर घटनेची वेळ आणि इलेक्ट्रॉनांनी कापलेले अंतर, दोन्ही अनिश्चित राहतात.

टीपीबी तसे नाजूक प्रकरण आहे. साध्या दिवसाच्या उजेडात, विशेषतः त्यातल्या अतिनील भागामुळे, त्याची कार्यक्षमता घटते. म्हणजे ज्याने अतिनील प्रकाश टिपायचा, त्याला अतिनीलापासूनच जपावे लागते! लेप दिलेले भाग झाकून ठेवावे लागतात. शिवाय लेपातले काही टीपीबी अरगॉनमध्ये सुटते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. एकदा भरलेली टाकी वर्षानुवर्षे उघडायची नसते, तेव्हा ही किरकोळ बाब नव्हे.

अमेरिकेत साउथ डकोटामध्ये, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर उभारल्या जात असलेल्या ‘ड्यून’ प्रयोगाच्या एकेका टाकीत १७ हजार टन अरगॉन मावेल. तिथे प्रकाशाचे रूपांतर दोनदा होईल. आधी पॅराटर्फेनिलचा लेप १२८चे सुमारे ३५० नॅनोमीटर करतो. हा प्रकाश एका गाळणीतून पेटीत शिरतो. आतली पट्टी त्याचे ४३० करते, आणि ४००च्या वरचा प्रकाश ती गाळणी परतवते. आत गेलेला उजेड सहसा बाहेर निसटत नाही. भिंतींवर आपटत शेवटी संवेदकापर्यंत पोचतो. ही युक्ती ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांची. त्यांनी पेटीला नाव दिले ‘अरापुका’. त्यांच्याकडे पाखरे धरायच्या सापळ्याला हेच म्हणतात.