खान्देशातला पावसाचा अंदाज आणि पांझरेचे फड

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण या सरासरीवर विसंबून कोणी शेत पेरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एक पाऊस असतो, तर अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याकडे दुसरा. मृगात पडलेला पाऊस आर्द्रात दडी मारतो आणि पिकाच्या ऐन गरजेला पाठ फिरवतो. म्हणूनच इथल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या पावसाचा अंदाज शोधला. या शोधाचा इतिहास बहुधा पंचांग विरुद्ध वेधशाळा, श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा मांडला जातो. ही मांडणी अपुरी आहे. अंदाज कोणी दिला यापेक्षा त्यावर निर्णय कोण घेतो आणि तो चुकला तर तोटा कोण सोसतो, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. त्यांचे उत्तर खान्देशातच, पांझरा नदीच्या काठी, तीन-चारशे वर्षांपूर्वी शोधले गेले होते.

आधी जुन्या भाकितांकडे पाहू. खान्देशात शेतीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलते. सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी, ठरतो तो याच दिवशी. म्हणजे वर्षभराच्या मजुरीचा बोल पाऊस यायच्या महिना-सव्वा महिना आधीच देऊन टाकावा लागतो. बैल, बियाणे, सावकाराचे देणे हे सारे हिशेबही तेव्हाच सुरू होतात. भाकिताची गरज नेमकी याच मुहूर्ताला का भासते, हे यावरून कळते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी याच दिवशी होते. शेतात खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात, भोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेले बदल पाहून पीक-पाण्याचे भाकीत सांगतात. ढेकूळ किती भिजले यावरून त्या महिन्याचा पाऊस ठरवण्याला शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नक्षत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सूर्य दरवर्षी साधारण 7-8 जूनला मृगात जातो आणि एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते. बेडूक, हत्ती, गाढव ही पंचांगातली नक्षत्रांची वाहने बाजूला ठेवली तर उरते ते पेरणीचे बऱ्यापैकी चांगले वेळापत्रक. मात्र ते दरवर्षी सारखेच असते. यंदाचा पाऊस कसा, हे त्यातून कळत नाही.

इंग्रजी अमदानीत मोजणी आली. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक बसले आणि आकडे सरकारकडे जाऊ लागले. 1875 मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खाते सुरू झाले. लगेच 1876 ते 1878चा भीषण दुष्काळ पडला आणि मोसमी पावसाच्या अंदाजाची निकड सरकारला पटली. हिमालयातल्या बर्फावरून ब्लॅनफर्ड यांनी केलेले प्रयोग 1886 पासून दरवर्षीच्या अंदाजात रूढ झाले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबाशी भारतातल्या पावसाचा संबंध शोधला. पण हे सारे अंदाज साऱ्या देशाचे किंवा मोठ्या प्रदेशांचे होते, आणि त्यांचा पहिला वाचक सरकार होते. शेतीसाठी वेगळा विभाग पुण्यात 1932 मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि 1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे येऊ लागली. हे काम मोलाचे होते, तरी मर्यादा राहिलीच. 2002 मध्ये मोसमी पाऊस सरासरीइतका होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलै कोरडा गेला आणि देशाचा हंगाम 19 टक्के तुटीत संपला. अंदाज वर्तवणाऱ्याची चूक अहवालात नोंदली जाते. दुबार पेरणीचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.

आता पांझरेचे फड. साक्री आणि धुळे तालुक्यांत या नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे बांधले गेले. प्रत्येक बंधाऱ्यातून पाट निघतो, आणि त्या पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पिके वर्षागणिक फडांतून फिरवायची. त्यामुळे कोणाचा ऊस आणि कोणाची ज्वारी असा पाण्यावरून झगडा राहत नाही. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो, हवालदार देखरेख ठेवतो. कळीची गोष्ट अशी की कोणत्या फडाला किती पाणी, हे नदीत पाणी किती आहे ते पाहून ठरत असे. पाणी कमी असेल तर जास्त पाणी पिणाऱ्या पिकाचा फड कमी करायचा, एखादा कोरडा ठेवायचा. प्रत्येक फडात बहुतेकांची थोडीथोडी जमीन असल्याने कोरड्या फडाचा तोटा एकट्यादुकट्यावर पडत नसे. इथे भाकीत नाही. डोळ्यांनी दिसणारे माप आहे, मापाला जोडलेला नियम आहे आणि नियमाचा भार वाटून घेणारा गाव आहे.

यावर पहिला आक्षेप असा की फड नदीकाठच्या बागायतीसाठी होते, कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला त्यांचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे. जूनची पेरणी नदी पाहून करता येत नाही आणि धूळपेरणी करणाऱ्याला पुढच्या आठ दिवसांचा अंदाज लागतोच. पण फडाचे तत्त्व बंधाऱ्यापुरते नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पर्जन्यमापक लावून आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून कोणती पिके घ्यायची हे ठरवले. तिथे फड नव्हते, नियम तोच होता. दुसरा आक्षेप असा की फड पद्धत चांगली होती तर ती क्षीण का झाली? वरच्या अंगाला धरणे झाली, ज्याच्या त्याच्या विहिरी आल्या आणि पाणी हे खासगी साहस बनले. सामाईक नियम मोडले ते निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे, त्यांना बगल देणे सोपे झाले म्हणून. त्याची किंमत आज खोल गेलेल्या बोअरवेल सांगतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता मोबाइलवर तालुक्यापर्यंतचा पाच दिवसांचा अंदाज येतो, महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे राज्याच्या 2 हजारांहून अधिक महसूल मंडळांत आहेत, मग जुन्या पद्धतीची आठवण कशाला? अंदाज सुधारले आहेत यात शंका नाही आणि त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु रावेर-यावलच्या केळीचा हवामान-आधारित विमा याच केंद्रांच्या आकड्यांवर ठरतो. थंडी किंवा उष्णता सलग काही दिवस ठरलेल्या रेषेपलीकडे गेली तरच भरपाई मिळते. मंडळातले एकच यंत्र ज्या शिवारात आहे तिथली हवा आणि आपल्या बागेतली हवा वेगळी असली तर शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही. शिवाय आकडा आला म्हणजे सल्ला आला असे होत नाही. तो सल्ला पिकानुसार देण्यासाठी देशभर कृषी विज्ञान केंद्रांत उभारलेले 199 जिल्हा कृषी हवामान कक्ष 2024 मध्ये बंद झाले. यंत्रे वाढली, त्यांचा अर्थ गावाच्या भाषेत सांगणारी माणसे कमी झाली.

ही माणसे परत आणणे सरकारचे काम आहे आणि ते मागितलेच पाहिजे. पण एक काम गावालाही आजच करता येईल. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःचा पर्जन्यमापक लावावा, रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद फळ्यावर लिहावी आणि पावसाळा सरताच ग्रामसभेत रब्बीची पिके त्या आकड्यावरून ठरवावीत. पांझरेच्या काठच्या गावांनी हे साध्या दगडी बंधाऱ्यांच्या जोरावर करून दाखवले होते. आपल्या हाती त्याहून कितीतरी चांगली साधने आहेत, तेव्हा ते न करण्याला सबब उरलेली नाही.