वेगाची मापे आणि त्यांचे परिवर्तन

शिराळ्याचा परिसर हा भाताचा मुलूख. दशमान पद्धती येण्यापूर्वी धान्य शेर, पायली, मण व खंडी यांनी मोजले जाई. तथापि मणास कोठे बारा पायल्या, कोठे सोळा. म्हणून भावापूर्वी माप ठरवावे लागे. १९५६ च्या वजनमापे कायद्याने ही विषमता दूर करण्याचा मार्ग खुला केला.

संदेशवहनाच्या मापांचा इतिहास याहून फारसा निराळा नाही. फ्रेंच तारतज्ज्ञ बोदो याने १८७४ मध्ये पाच घटकांची संकेतलिपी सिद्ध केली. त्याच्या नावावरून 'बॉड', म्हणजे सेकंदास एक संकेतघटक, हे माप आले. ५० बॉडच्या दूरमुद्रकात प्रत्येक अक्षरास साडेसात घटक लागत. अर्थात मिनिटास ४०० अक्षरे जात. १९४८ मध्ये शॅनन याच्या निबंधाने 'बिट' हा शब्द रूढ केला. १९५६ मध्ये बुखोल्ट्झ याने 'बाइट' ही संज्ञा योजली. बाइट प्रारंभी नियमाने आठ बिटांचा नव्हता. १९६४ च्या आयबीएम यंत्रमालेने तो संकेत दृढ केला. तारेवरून बिट एकामागून एक जात असल्याने वहनाचा वेग बिटांत, तर साठा बाइटांत मोजण्याची द्विधा रीत टिकली.

तिचा परिणाम ग्राहकास भोगावा लागतो. सेकंदास १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर ७०० मेगाबाइटांची चित्रफीत ७० सेकंदांत उतरत नाही. सातशेची आठपट करून दहाने भागिल्यास ५६० सेकंद येतात. शिवाय वहनात 'किलो' म्हणजे १०००, स्मृतिकोशात मात्र बहुधा १०२४. हा घोळ मिटविण्यासाठी १९९८ मध्ये 'किबी' हा निराळा उपसर्ग ठरविण्यात आला. बाराच्या व सोळाच्या मणाप्रमाणेच येथेही आकड्यापूर्वी मापाची पृच्छा अगत्याची ठरते.