किती वजन, किती वेळा

अतिशय जड वजन तीन किंवा पाच वेळाच उचलून खाली ठेवायचे, ही पद्धत हौशी व्यायाम करणाऱ्यांपर्यंत उशिरा पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवजड वजने उचलणे हे सर्कशीतल्या पहिलवानांचे काम मानले जाई. घरी व्यायाम करणाऱ्यांना त्या काळचे नामांकित पहिलवान युजेन सँडो हलकी डंबेल्स सुचवत. महाराष्ट्रातल्या तालमींतही भर संख्येवर असे. जोर आणि बैठका शेकड्यांनी काढल्या जात, आणि वजन मुख्यतः स्वतःच्या अंगाचेच.

१९०२ मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅलन कॅल्व्हर्ट यांनी मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येणारे बारबेल विकायला सुरुवात केली. ताकद वाढेल तसे वजन वाढवणे आता सामान्य माणसालाही जमू लागले. तरी जड वजनाने स्नायू आखडतात, चपळाई जाते, ही धास्ती पुढे अर्धशतक टिकली. स्प्रिंगफील्ड कॉलेजचे पीटर कार्पोविच आधी याच मताचे होते. १९५१ मध्ये त्यांनी झोर्बास यांच्यासह वजन उचलणाऱ्यांच्या हाताचा वेग मोजला, तर तो इतरांपेक्षा जास्तच निघाला.

जड वजनाला वैद्यकात मान मिळाला तो मात्र युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलात जखमी सैनिकांची गर्दी झाली होती. हलक्या व्यायामाने त्यांच्या मांड्यांत ताकद येईना आणि खाटा रिकाम्या होईनात. तिथले लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी तरुणपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजने उचलून शरीर कमावले होते. तोच उपाय त्यांनी रुग्णांवर केला, पायाला लोखंडी बूट बांधून त्यावर वजने चढवली, आणि १९४५ मध्ये निष्कर्ष छापले. गंमत अशी की आपल्या पद्धतीला ‘जड’ म्हणणारे डेलॉर्म प्रत्येक सेटमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या एका फेरीत, दहा रेप्स (आवर्तने) करवून घेत, तेही सात ते दहा सेट. १९४८ मध्ये त्यांनी आणि आर्थर वॉटकिन्स यांनी सेट तीनवर आणले. नावातला ‘जड’ जाऊन त्या जागी ‘क्रमाक्रमाने वाढणारा’ हा शब्द आला. जगभरच्या जिममध्ये चालणाऱ्या ‘तीन सेट, दहा रेप्स’चा उगम असा गुडघ्याच्या रुग्णांत आहे.

तो आकडा सर्वांत चांगला की नुसता सोयीचा, हे १९६२ मध्ये रिचर्ड बर्गर यांनी तपासले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून दोन, सहा आणि दहा रेप्सचे वेगवेगळे सेट त्यांनी बारा आठवडे करवून घेतले. बेंच प्रेसची ताकद सर्वांत वाढली ती सहा रेप्सच्या तीन सेटने. त्याच दशकात पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि १९७६ मध्ये बिल स्टार यांनी अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी लिहिलेल्या पुस्तकाने ‘पाच सेट, पाच रेप्स’ला प्रसिद्धी दिली. मार्क रिपटो यांच्या २००५ च्या पुस्तकानंतर स्क्वॉट आणि डेडलिफ्टचे पाच-पाच रेप्स नवशिक्यांचा पहिला धडा बनले. खेळाडूंसाठी आखलेला आराखडा कचेरीतून सुटून जिममध्ये येणाऱ्याच्या गळ्यात पडला, तो असा.

त्याला तो कितपत लाभतो, हे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड यांनी सरावलेल्या पुरुषांचे दोन गट केले. एकाला तीन रेप्सचे सात सेट, दुसऱ्याला दहा रेप्सचे तीन. आठ आठवड्यांनी दंडाची जाडी दोन्हीकडे सारखीच वाढली. ताकद जड गटाची अधिक. पण एका कसरतीला जड गटाला सत्तरेक मिनिटे लागत, दुसऱ्याला सतराच. जड गटातले दोघे सांधे दुखावल्याने प्रयोग सोडून गेले. निव्वळ शरीर भरावे एवढीच इच्छा असेल, तर हा सौदा तोट्याचा म्हणावा लागेल.

जड गटाची ताकद अधिक वाढण्यामागचे कारण मज्जासंस्थेत आहे. जवळजवळ कमाल वजनाला स्नायूतले मोठे तंतू पहिल्या रेपपासूनच कामाला लागतात आणि ते एकदम जुंपण्याची मेंदूला सवय होते. हलक्या वजनात त्यांची पाळी थकव्याच्या वेळी येते. वाढ मात्र दोन्ही वाटांनी होते, सेट दमेपर्यंत नेला तर.

जड वजनाची बाजू खरी भक्कम झाली ती हाडांमुळे. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर झालेल्या, २०१८ मध्ये छापलेल्या प्रयोगात निम्म्या जणींनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनाचे पाच सेट पाच रेप्सने केले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. सुरुवातीचा महिना हलक्या वजनाने घोटून घेतला होता, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक समोर उभा होता.