कोंडाण्याचा अंतेवासी आणि वांगणीचा प्रश्न

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एक भव्य पुरुषमूर्ती होती. तिचा मस्तकाकडील थोडासा भागच आज उरला आहे. चेहरा नष्ट झाला असला, तरी शिरोभूषणावरील बारीक काम अजूनही पाहणाऱ्यास थांबविते. या मूर्तीच्या खांद्याजवळ ब्राह्मी लिपीत एका ओळीचा लेख कोरलेला आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. (काही अभ्यासकांनी हे नाव बलुक असे वाचले आहे.) त्यात राजाचे नाव नाही, दानाचा उल्लेख नाही, वर्षही दिलेले नाही. अक्षरांच्या वळणावरून हा लेख सामान्यतः इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा धरला जातो.

महाराष्ट्रातील लेण्यांमध्ये दात्यांची नावे विपुल आढळतात. घडविणाऱ्यांची नावे फार थोडी. म्हणूनच त्यांची तुलना करून पाहणे उद्बोधक ठरते. कार्ले येथील चैत्यगृहाचे द्वारमुख धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने केले. त्याने आपल्या नावाबरोबर व्यवसाय आणि वेणुवासाचा पुत्र ही ओळखही नोंदविली आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. कोंडाण्याचा बलक मात्र ना बापाचे नाव सांगतो, ना धंदा. तो केवळ आपल्या आचार्याचे नाव सांगतो. हा बलक भिक्षू होता की शिल्पी, याविषयी मतभेद संभवतात. तथापि लेखातील ‘कतं’ हा शब्द आणि त्याचे मूर्तीलगतचे स्थान ध्यानी घेता, छिन्नी हाती धरणाराच येथे बोलत आहे असे मानण्याकडे आमचा कल आहे. तसे असेल तर त्याची पाठशाळा म्हणजे हा डोंगरच होता आणि त्याची परीक्षा आजही भिंतीवर लागलेली आहे.

‘अंतेवासी’ या शब्दाचा अर्थ ‘जवळ राहणारा’. विनयपिटकातील महावग्गात हा शब्द आचार्याजवळ राहून शिकणाऱ्या भिक्षूसाठी येतो. उपाध्यायाच्या शिष्याला ‘सद्धिविहारिक’ म्हटले आहे. दोघांचीही कर्तव्ये तेथे इतक्या तपशिलाने दिली आहेत की प्रथम वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटावीत. पहाटे उठून दातवण द्यावे, तोंड धुण्यास पाणी द्यावे, आसन मांडावे, खोली झाडावी, चीवर वाळवावे. परंतु याच यादीत पुढे आणखी काही येते, ते वर्गात बहुधा घाईने वाचले जाते. आचार्याच्या मनात मिथ्या दृष्टी उत्पन्न झाली, तर ती शिष्याने दूर करावयाची आहे. आचार्य खिन्न झाला, तर शिष्याने त्याला सावरावयाचे आहे. आणि शिष्य आजारी पडला, तर तेच दातवण, तेच पाणी आचार्याने त्याला द्यावयाचे आहे. आचार्याने शिष्याला पुत्रवत आणि शिष्याने आचार्याला पितृवत मानावे, असे तथागतांनी सांगितले आहे. अंगठा मागणाऱ्या गुरूची कथा लहानपणापासून ऐकलेल्या या देशात, शिष्याने गुरूची चूक काढावी हे ज्याचे कर्तव्य ठरविले गेले, असा दुसरा शिक्षणविधी आम्हास ठाऊक नाही.

ही यादी आम्ही विद्यापीठात अनेक वर्षे शिकविली. तिचा अर्थ मात्र आम्हास कोंडाण्याहून उल्हास नदीबरोबर उतरल्यावर, वांगणीत उमगला.

वांगणी हे अंबरनाथ तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि शेलू यांच्यामध्ये आहे. मुंबईच्या मानाने घरे स्वस्त म्हणून गेल्या काही दशकांत येथे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली अंध कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. त्यांतील अनेकजण लोकलच्या डब्यांतून किरकोळ वस्तू विकून संसार चालवितात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात अंध मातेबरोबर चालणारे एक बालक रुळांवर पडले आणि समोरून येणाऱ्या गाडीपुढे धावत जाऊन पॉइंट्समन मयूर शेळके यांनी त्याला वाचविले, तेव्हा हे नाव देशभर ऐकू आले. बक्षिसाच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी त्या मुलाच्या कुटुंबाला देऊ केला, हेही अनेकांना स्मरत असेल.

याच वांगणीत एका विहारात रविवारी पाली शिकविण्याचे काम काही काळ आमच्याकडे होते. दहा-पंधरा उपासक-उपासिका येत. त्यांत एक मध्यमवयीन अंध गृहस्थ होते. आठवडाभर ते गाडीत पाकिटे आणि कंगवे विकत आणि रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसत. आम्ही फळ्यावर विभक्ती लिहीत असू आणि इतर ती उतरवून घेत. या गृहस्थांचे काय करावे, हे प्रारंभी आम्हास कळेना. आमचे सारे शिक्षण फळा, वही आणि ग्रंथ यांतून झालेले. ज्याला यांतील काहीच दिसत नाही त्याला पाली कशी शिकवावी, असा प्रश्न आम्हास पडला होता. महिनाभरात उलटच घडले. वहीत उतरवून घेणारे विसरत आणि हे सांगत. आम्ही एखादे सुत्त दोनदा म्हटले की तिसऱ्या वेळी ते आमच्याबरोबर म्हणत आणि आमचा एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर तेथेच थांबत.

आमच्या ध्यानात आले की पालीत विद्वानाला ‘बहुस्सुत’ म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत. तिपिटक सिंहलद्वीपात ताडपत्रांवर लिहिले गेले ते इ.स.पूर्व पहिल्या शतकात. म्हणजे जवळजवळ बलकाच्याच काळात. तत्पूर्वी शतकानुशतके दीघभाणक, मज्झिमभाणक अशा पठण करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरांनी ते मुखोद्गत राखले होते. या परंपरेची व्याख्या आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली होती; पण ती चालते कशी, हे त्या गृहस्थांनी दाखविले.

एका रविवारी वर्ग संपल्यावर ते थांबले. म्हणाले, “जयभीम सर. एक विचारू? मी त्या काळी असतो, तर मला भिक्षू करून घेतलं असतं का?”

खोटे सांगणे सोपे होते. ‘धम्मात सर्वांना प्रवेश आहे’ हे वाक्य आमच्या जिभेवर आलेही होते. परंतु महावग्गाच्या पहिल्याच खंधकात, ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची जी लांबलचक यादी आहे, तिच्यात हात-पाय तुटलेल्यांबरोबर आंधळा, मुका आणि बहिरा यांचाही समावेश आहे. अशांना प्रव्रज्या देणाऱ्या भिक्षूला ‘दुक्कट’ हा दोष लागतो. ही यादी आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी व्याकरणाचे उदाहरण म्हणून दिली होती. ती ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्या यादीतला असू शकेल, असा विचार एकदाही मनात आला नव्हता. आम्ही त्यांना खरे ते सांगितले. भिक्षूला गावोगाव चारिका करावी लागे, भिक्षेवर राहावे लागे, संघ उपासकांच्या श्रद्धेवर अवलंबून होता, अशी कारणेही पुढे केली. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “म्हणजे गाडीत फिरून विकणं मला जमतं, पण भिक्षेला फिरणं जमलं नसतं, असं त्यांना वाटलं.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. ती कारणे इतिहास समजण्यास उपयोगी आहेत, समर्थनास नाहीत. विनयाचे अनेक नियम प्रसंगोपात्त, कोणाच्या तरी तक्रारीवरून घडले आहेत. त्यांवर त्यांच्या काळाची छाप आहे हे मान्य करण्याने तथागतांच्या धम्माचे काही उणे होत नाही, असे आम्ही मानतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना धम्मपद-अट्ठकथेतील पहिली कथा सांगितली. अट्ठकथेचा आरंभच एका अंध थेराने व्हावा, हा योग विलक्षण आहे. श्रावस्तीचा महापाल उतारवयात भिक्षू झाला. या शासनात धुरा किती, असे त्याने विचारता दोन धुरा सांगण्यात आल्या : ग्रंथधुरा आणि विपश्यनाधुरा. आपण वृद्धपणी आलो, ग्रंथांचा भार पेलवणार नाही, म्हणून त्याने दुसरी घेतली. वर्षावासाचे तीन महिने आडवे न होण्याचा निश्चय त्याने केला. डोळे बिघडले; निजून औषध घाला, असे वैद्याने बजावले, तरी तो निश्चयापासून ढळला नाही. एका रात्री त्याची दृष्टी आणि त्याचे क्लेश एकाच वेळी नष्ट झाले, असे कथा सांगते. पुढे हा चक्खुपाल थेर श्रावस्तीस असता पावसानंतर त्याच्या चंक्रमणाच्या वाटेवर किडे मेलेले आढळले. आगंतुक भिक्षूंनी तक्रार केली. तथागतांनी विचारले, तुम्ही त्याला मारताना पाहिले काय? नाही, असे उत्तर आले. तुम्ही जसे त्याला पाहिले नाही, तसे त्याने किड्यांना पाहिले नाही, असे तथागत म्हणाले. जेथे चेतना नाही, तेथे हिंसेचा दोष नाही.

अर्थात चक्खुपालाची दृष्टी प्रव्रज्येनंतर गेली होती. विहाराचे दार त्याच्यासाठी आधीच उघडलेले होते. हेही आम्ही सांगितले. गृहस्थ हसले. “ग्रंथधुरा तुमची, सर,” ते म्हणाले.

वर्गाच्या आत बसूनही बाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसले आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्यांना पाणी मिळाले नाही. त्यांना बुद्धचरित्र लाभले तेही शाळेच्या अभ्यासक्रमातून नव्हे. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाला शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी हेरले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी आपला बुद्धचरित्राचा ग्रंथ त्याला एका सत्कारसभेत भेट दिला. हा सत्कार मॅट्रिकच्या वेळचा, म्हणजे १९०७ चा, असे सर्वत्र सांगितले जाते. पण बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या आणि पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख आहे. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदार रामजी सत्काराला तयार नव्हते. केळुसकरांनी त्यांचे मन वळविले. त्याच प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की वडील घरी रामायण-महाभारत वाचून घेत आणि ते का वाचावे, असे त्यांनी वडिलांना विचारले होते. मिळालेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. प्रश्न विचारणारा तो मुलगा रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेला नव्हता.

याच बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) महाविद्यालय काढले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. या नामकरणातील औचित्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. इमारतीला नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आणि भोवतीच्या मोकळ्या जमिनीला उत्तर देणाऱ्याचे. मिलिंदपञ्हात तर स्वतः नागसेनाला धम्मचक्षू मिळाले ते कोणत्याही पाठशाळेत नाही. एका वृद्ध उपासिकेच्या घरी भोजनानंतर त्याने तिला गंभीर उपदेश केला. ती स्रोतापन्न झाली आणि आपण काय बोललो याचे चिंतन करता करता तोही झाला. एका बाणाने दोन लक्ष्ये भेदली, असे त्याचे आचार्य अस्सगुत्त म्हणाले. तिपिटकाचे अध्ययन त्याने पाटलिपुत्रात धम्मरक्खितांपाशी केले ते त्यानंतर.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी जी धम्मदीक्षा दिली, ती घेण्यास डोळे लागत नव्हते. संघात प्रवेश करणाऱ्यासाठी विधी होता, उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही मोठी उणीव होती, असे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट नोंदविले आहे. वांगणीच्या त्या प्रश्नाला जर कोठे उत्तर असेल, तर ते या नोंदीच्या आसपास असावे, असे आम्हास वाटते. आमच्या महावग्गाच्या टिपणांत ते नव्हते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला, याचा आनंद आम्हासही झाला. परंतु त्या यादीचे आम्ही आजवर केले तसे वाचन होत राहिले, तर या दर्जाचा लाभ कोणाला, हे आम्ही सांगू शकणार नाही.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर वर्गातील सर्वजण मिळून कोंडाण्यास गेलो. कर्जतपर्यंत गाडी, पुढे रिक्षा, मग चढण. त्या गृहस्थांनी एका तरुण उपासकाच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि वाटेतल्या ओढ्यांचे आवाज ते आम्हास सांगत होते. लेण्यात पोहोचल्यावर त्यांनी विहाराच्या भिंती आणि ओटे हातांनी पाहिले. बलकाचा लेख मात्र हाताला पोहोचण्याजोगा नव्हता. तेव्हा त्यांनी आपला तळवा पुढे केला आणि अक्षरे काढून दाखवा म्हणाले. आम्ही बोटाने ब्राह्मीतील ‘ब’ काढला, म्हणजे एक चौकोन. मग ‘ल’. मग ‘क’, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा.

“ब्रेलपेक्षा सोपी आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी आमचा हात मागितला आणि तळव्यावर तीच तीन अक्षरे काढली. ‘ल’ची वळणाची बाजू आम्ही चुकवली होती. सोबतच्या तरुणाने वर लेखाकडे पाहून ते सांगितले आणि त्यांनी ती दुरुस्त करून पुन्हा लिहिली.