मेरी स्यू कोण होती?

"मावशी, ही मेरी स्यू कोण गं?"

भाचीचा फोन होता. एरवी ही पोरगी अंगठ्यानेच बोलते, त्यामुळे तिने खरोखर फोन केला म्हणजे काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. तिचं वय तेरा. गेलं वर्षभर ती एक गोष्ट लिहितेय, पुण्याची एक मुलगी हॉगवर्ट्सला जाते त्याची. (यात अशक्य काही नाही. हॅरी पॉटरच्या वर्गात पार्वती आणि पद्मा या दोन जुळ्या पाटील बहिणी आहेतच की! मग एक आणखी गेली तर काय बिघडलं?) तिची तीन प्रकरणं तिने नेटवर टाकली आणि खाली कुणीतरी एवढंच लिहून गेलं: मेरी स्यू. बस्स. पुढे ना स्पष्टीकरण, ना काही. ती शिवी आहे हे तिला कळलं होतं, पण शिवीचा अर्थ कळला नव्हता.

मी म्हटलं, सांगते, पण जरा वेळ लागेल. तो वेळ बराच लागला. हे लिखाण त्यातूनच आलंय.

आधी नातेवाईक मंडळींसाठी दोन ओळी. दुसऱ्याच्या गोष्टीतलं जग आणि माणसं उसनी घेऊन आपली गोष्ट रचायची, याला फॅन फिक्शन म्हणतात. आणि अद्भुतकथा म्हटली की ठरीव साचे आलेच: भविष्यवाणीतला मुलगा, पांढऱ्या दाढीचा गुरू, लपवून वाढवलेला राजपुत्र, ऐन वेळी बोलू लागणारी तलवार. डायना विन जोन्स या लेखिकेने १९९६ साली या सगळ्या साच्यांचं चक्क एक प्रवासी मार्गदर्शक काढलं होतं. कल्पित राज्यात फिरायला गेलात तर काय काय भेटेल आणि रोज रात्री जेवायला तोच तो रस्सा कसा मिळेल, असं सगळं त्यात आहे. या साच्यांना आपण हसतो ते प्रेमाने. एका साच्याला मात्र लोक प्रेमाने हसत नाहीत, आणि तो म्हणजे मेरी स्यू.

ही बाई जन्मली १९७३ च्या डिसेंबरात, अमेरिकेत. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ ला सुरू झाली आणि १९६९ ला बंद पडली, पण तिचे चाहते काही थांबेनात. १९६७ पासूनच ते स्वतःची मासिकं काढू लागले होते. 'स्पॉकनालिया' हे त्यातलं पहिलं. सायक्लोस्टाईल करायचं, पिना मारायच्या आणि पोस्टाने पाठवायचं, असा सगळा घरगुती कारभार. लिहिणाऱ्यांत बायका आणि मुली भरपूर होत्या. आणि त्यांच्या गोष्टींत वारंवार एकच मुलगी यायची. ती एंटरप्राइझ यानावर नव्याने रुजू व्हायची, वयाने सगळ्यांत लहान, हुशार, देखणी. कॅप्टन कर्क तिच्यावर फिदा, आणि दगडी चेहऱ्याचा स्पॉकसुद्धा विरघळायचा.

'मेनॅजरी' नावाच्या अशाच एका मासिकाच्या संपादक होत्या पॉला स्मिथ. त्यांनी या प्रकाराला कंटाळून एक विडंबन लिहिलं, जेमतेम पानभराचं. त्यातली लेफ्टनंट मेरी स्यू ही ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी, वय साडेपंधरा. कर्क तिला भेटताक्षणी प्रेमाची कबुली देतो, ती त्याला झिडकारते, तर तो तिच्या ताब्यात यान देऊन कॉफी आणायला जातो. पुढे सगळे कैदेत पडतात तेव्हा ती केसांतल्या पिनेने कुलूप उघडते. सगळे पुरुष आजारी पडतात तेव्हा एकटी यान चालवते आणि त्याबद्दल शांततेचं नोबेलसुद्धा मिळवते. शेवटी मरते, तेही सगळ्यांना ढसाढसा रडवून. आजही तिचा वाढदिवस यानावर राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळतात, अशी अखेर.

मी हे वाचलं तेव्हा फार हसले. आणि हसता हसता कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कारण ही मुलगी माझ्या ओळखीची होती.

१९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची, रविवारी सकाळी. देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी १८८८ ची, हे मला तेव्हा कुठलं माहीत असायला! मला ठाऊक होते ते ऐयार, म्हणजे वेष पालटणारे, बेशुद्ध करणारे, बटव्यात सगळं जग घेऊन फिरणारे गुप्तहेर. आणि भिवया उडवत "यक्कू" म्हणणारा क्रूरसिंग. मी दोनशेपानी वहीत एक ऐयार तयार केली. वय बारा (माझंच), केस गुडघ्यापर्यंत (माझे नव्हते), क्रूरसिंगाला तिने चार वेळा गंडवलेलं, आणि राजकुमारी चंद्रकांता प्रत्येक बाबतीत तिचा सल्ला घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीत ती वही मी आजोळी साताऱ्याला नेली. तिथे ती माझ्या मामेभावाच्या हाती लागली. फराळाला बसलेल्या वीस-बावीस माणसांसमोर त्याने ती मोठ्याने वाचली, आवाज काढून, अभिनयासकट. सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आजीसुद्धा. त्यात दुष्टावा काही नव्हता हे आज मला मान्य आहे, आणि दादा, तू हे वाचतोयस तर तुलाही सांगते, तू वाचलंस झकास. पण वही तिथेच संपली. पुढची पंधरा वर्षं मी स्वतःहून चार ओळी लिहिल्या नाहीत.

असो. मुद्दा पॉला स्मिथबाईंचा. त्यांचा विनोद संपादकाचा होता, तोच तोच मजकूर रोज वाचून आलेल्या वैतागातला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. शब्द पुढे त्यांच्या हातात राहिला नाही, ही खरी गंमत. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी या चाहत्या लेखिकांमध्ये राहून, त्यांच्याशी बोलून १९९२ साली 'एंटरप्रायझिंग विमेन' हे पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट नोंदवलीय: मेरी स्यू म्हणतील या धास्तीने काही बायकांनी गोष्टीत बाईचं पात्र घालणंच सोडून दिलं होतं. बघा हं, बायकांनी बायकांसाठी काढलेली मासिकं, आणि त्यात बाई घालायची भीती!

आणि पुरुष? कर्क स्वतः कोण? इतक्या मोठ्या यानाची सूत्रं लहान वयात हाती आलेला, ग्रहागणिक प्रेमात पडणारा आणि प्रत्येक लढाईत शर्ट फाडून घेऊनही जिंकणारा. हॅरी पॉटर हा शतकभरातला सर्वांत लहान सीकर, सापांशी बोलतो, कपाळावर खूण घेऊन फिरतो. आपला अभिमन्यू सोळा वर्षांचा, म्हणजे मेरी स्यूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. यांना कुणी मेरी स्यू म्हणत नाही, नायक म्हणतात. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांचं मधलं नाव वेस्ली, आणि १९८७ च्या नव्या मालिकेत त्यांनी वेस्ली नावाचा एक बालप्रतिभावंत यानावर ठेवला. चाहते त्या पोरावर वैतागले जरूर, पण मालिकेतून त्याला कुणी काढलं नाही. पुरुषांसाठी मार्टी स्टू वगैरे नावं नंतर निघाली, पण ती मूळ शिवीची धाकटी भावंडंच राहिली. त्याहीपलीकडे जायचं तर दान्ते घ्या. स्वतःच्याच महाकाव्यात स्वतः नायक, व्हर्जिल वाटाड्या, आणि वाटेत होमर, होरेस, ओव्हिड, ल्यूकन भेटतात तर ते सगळे मिळून याला आपला सहावा म्हणून पंगतीत घेतात! साडेपंधरा वर्षांच्या पोरीने हे लिहिलं असतं तर?

भाचीला मात्र मी दान्ते सांगितला नाही. तिला मी हॉवर्थच्या मुलांची गोष्ट सांगितली.

इंग्लंडात यॉर्कशरमधलं हॉवर्थ. तिथले पाद्री पॅट्रिक ब्राँटी जून १८२६ मध्ये लीड्सहून मुलासाठी लाकडी शिपायांचा संच घेऊन आले. मुलगा ब्रॅनवेल, नवाला टेकलेला. थोरली शार्लट दहा, एमिली सात, ॲन सहा वर्षांची. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलला. शार्लटने आपल्याचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूचा विजेता, जो तेव्हा हयात होता. ब्रॅनवेलने मुद्दाम बोनापार्ट घेतला. या शिपायांनी आफ्रिकेत जाऊन काचनगरी वसवली, आणि तिथून वर्षानुवर्षं चालणाऱ्या कथा निघाल्या. मुलांनी त्यांची काड्यापेटीएवढी पुस्तकं केली, शिपायांना वाचता यावीत अशी, मुंगीच्या अक्षरात.

त्या जगात ही चार भावंडं स्वतः होती, आणि तीही कोण म्हणून? महाजिन्न म्हणून! टॅली, ब्रॅनी, एमी आणि ॲनी, अरबी कथांतल्यासारखे सर्वशक्तिमान. मेरी स्यू नुसतं नोबेल घेते, यांना तर मेलेला शिपाई जिवंत करता यायचा. लढाईत पडला की जिन्नांनी यायचं आणि त्याला उठवायचं.

हे वाचताना तारखा जुळवल्या आणि मी थांबले. या मुलांची आई गेली १८२१ ला. मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी क्षयाने गेल्या १८२५ ला, काही आठवड्यांच्या अंतराने. आणि शिपाई घरात आले त्याच्या पुढच्या वर्षी.

शार्लट मोठी झाली तरी ते जग सुटेना. वेलिंग्टनचा धाकटा मुलगा लॉर्ड चार्ल्स बनून ती लिहायची, थोरल्याला तिने झामोर्नाचा ड्यूक केला, त्याच्या प्रेमात देखण्या सरदारकन्या टाकल्या. म्हणजे खऱ्या, हयात माणसाच्या घरात घुसून लिहिलेलं फॅन फिक्शनच ते. विसाव्या वर्षी तिने राजकवी रॉबर्ट साउदीला आपल्या कविता पाठवल्या. मार्च १८३७ मध्ये त्याचं उत्तर आलं. साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असा त्यातला सल्ला. पत्र सौम्य होतं, हितचिंतकाचं होतं. अशी पत्रं सौम्यच असतात. तिने आभार मानले आणि लिहीत राहिली. दहा वर्षांनी, १८४७ ला, 'जेन एअर' आली. नायिका कशी? लहानखुरी, रूपाने साधी, नोकरी करून पोट भरणारी. आपल्यासारखीच साधी आणि लहानखुरी नायिका करून दाखवीन, असं शार्लटने बहिणींना सांगितलं होतं, हे तिच्या चरित्रातून सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे स्वतःला गोष्टीत घालणं तिने सोडलं नव्हतंच. गुडघ्यापर्यंतचे केस तेवढे सोडले. पण त्या केसांवर वीस वर्षं आधी हसून कुणी वही मिटायला लावली असती तर पुढची नायिका कुठून येणार होती?

(त्या काड्यापेटी पुस्तकांपैकी एक २०१९ साली पॅरिसच्या लिलावात ब्राँटी सोसायटीने सहा लाख युरोंना घेतलं. माझी दोनशेपानी वही रद्दीत गेली, किलोच्या भावाने.)

आपल्याकडे हे सगळं जात्यावर होत होतं. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या नेटवर ऐकायलाही मिळतात. त्यातली सीता ऐका एकदा. तिचा सासुरवास हा दळणाऱ्या बाईचा सासुरवास आहे. वनात तिची समजूत काढायला येतात त्या बोरी आणि बाभळी, दोन बायका होऊन. बोरी-बाभळी म्हणजे कुणाची झाडं? गाणारीच्या बांधावरची! वाल्मीकींना न विचारता या बायकांनी आपलं शिवार रामायणात नेऊन लावलं, आणि पहाटेच्या अंधारात ते कुणाला मोठ्याने वाचून दाखवायचं नव्हतं म्हणून कुणी हसलंही नाही.

हे सगळं मी भाचीला सांगितलं, इतकं सविस्तर नाही, पण बऱ्यापैकी. तिचं म्हणणं पडलं की ते ठीक आहे, पण तिची पुण्याची मुलगी खरंच जरा जास्तच भारी झालीय, तिला निदान उडता तरी येऊ नये. मी म्हटलं, ते तू बघ. उडू दे किंवा पडू दे.

मग तिने माझ्या वहीबद्दल विचारलं. क्रूरसिंगाला चार वेळा गंडवलं ते सांगितलं. पाचव्या वेळी माझी ऐयार तिलिस्मात शिरली होती, मागचं दार बंद झालं होतं आणि कळ कुठे आहे ते तिला सापडत होतं, तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली.

"मग? बाहेर आली का ती?"

"वही तिथेच संपली गं."

"म्हणजे ती तेव्हापासून आतच आहे?"

काल रात्री भांडी आवरल्यावर मी एक वही काढली. कळ बहुधा सिंहाच्या डाव्या डोळ्यात होती. नक्की आठवत नाहीये.