वरून पडले, तर भरपाई कोण देणार?

१/ काच पुसणाऱ्याच्या हातून बादली निसटली आणि खालचा वाटसरू जखमी झाला, तर भरपाई कोणी द्यायची? प्रश्न फार जुना आहे.

२/ रोमन कायद्यात घरातून काही पडून स्वतंत्र मनुष्य दगावला, तर त्या घरात राहणाऱ्याला ५० सुवर्णनाणी द्यावी लागत; चूक कोणाची, हे पाहिले जात नसे.

३/ १८६३, इंग्लंड. 'बर्न विरुद्ध बोडल' खटला. लिव्हरपूलमध्ये पीठव्यापारी बोडलच्या दुकानावरून पिठाचे पिंप बर्नवर कोसळले. ते कसे पडले, हे कोणालाच सांगता येईना. न्यायालयाने म्हटले: निष्काळजीपणाशिवाय पिंप खाली येत नाही, तसे नसेल, तर बोडलनेच सिद्ध करावे.

४/ परंतु निकाल मिळाला, तरी छोट्या व्यावसायिकाकडे पैसाच नसेल तर? जखमी रिकाम्या हातीच राहतो. सार्वजनिक दायित्व विमा आहे तो यासाठी. म्हणूनच ब्रिटनमध्ये काच पुसणाऱ्याला काम देण्यापूर्वी अनेकजण विम्याचे प्रमाणपत्र मागतात.