एक सोडून एक

१० जानेवारी १८९७. तुम्ही भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात उभे आहात आणि भोवतीची मुंबई रिकामी होत चालली आहे. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला त्याला चार महिनेही झालेले नाहीत. बोरीबंदरला गाठोडी आणि पोरंबाळं घेऊन माणसं मिळेल त्या गाडीत शिरताहेत. काखेत किंवा जांघेत गाठ आली की माणूस बहुधा वाचत नाही, हे आता पोरासोरांनाही कळतं. इस्पितळाची भीती तर रोगाहून मोठी. ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले होते.

कॉलेजातल्या त्या लहानशा खोलीत या. इथे वाल्डेमार हाफकिन तीन महिने राबताहेत. वय ३६, जन्म ओडेसाचा, शिक्षण झाल्यावर काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच लवाजमा. फळीवरच्या काचेच्या चंबूंना धक्का लावू नका. आत मांसाचा निवळ रस आहे आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगताहेत. नीट पाहिलंत तर त्या थेंबांपासून खाली लोंबणारे पांढरट धागे दिसतील, जुन्या वाड्यातल्या झुंबराच्या लोलकांसारखे. ते प्लेगचे जंतू. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसतात आणि थेंबांखाली पुन्हा नवे वाढतात. पुरेसे जमले की उष्णता देऊन त्यांना मारायचं. ही लस. सशांवर तिची परीक्षा झाली आहे, माणसावर अजून नाही.

आज हाफकिन ती स्वतःला टोचून घेणार आहेत. मात्रा १० घन सेंटीमीटर, पुढे लोकांना देतील त्याच्या तिपटीहून थोडी जास्तच. काही तासांत त्यांना ताप चढतो, टोचलेली जागा ठणकू लागते. काही दिवसांत ते बरे होतात. दुसऱ्याचा दंड मागण्याआधी आपला पुढे करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. पण स्वतःला टोचून घेतल्याने एवढंच कळतं की लसीने माणूस मरत नाही. ती प्लेगपासून वाचवते का, हे कळायला प्लेगच्या तोंडाशी असलेली पुष्कळ माणसं लागतात.

ती लवकरच मिळतात. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. आता तुम्ही पाहुणे नाही, कैदी आहात. बराकीतली माणसं एकेक करून उचलून नेली जाताहेत. साहेब विचारतात, लस कोण टोचून घेणार? निम्म्याच्या आसपास कैदी पुढे होतात. तुम्हीही होता. ही राजीखुशी म्हणायची का? दाराला बाहेरून कुलूप आहे, आत मरण आहे आणि विचारणाऱ्याच्या हाती तुमची भाकरी आहे. कागदोपत्री तुम्ही स्वयंसेवक. माझ्या मते असा होकार अर्धाच होकार असतो.

पुढच्या दिवसांत, टोचून न घेतलेल्यांमध्ये रोगी आणि मृत्यू दोन्ही ठळकपणे जास्त निघतात. हाफकिनना हुरूप येतो, पण एक शंका उरतेच. जे आपण होऊन पुढे आले, ते मुळातच धट्टेकट्टे असतील तर? म्हणून १८९८ च्या सुरुवातीला उमरखाडीच्या तुरुंगात ते निवड कैद्यांवर सोडत नाहीत. सगळ्यांना रांगेत बसवतात आणि एक सोडून एक टोचत जातात. तुम्ही रांगेत आहात. सुई शेजाऱ्याच्या दंडात शिरते, तुम्हाला ओलांडते आणि पलीकडच्याकडे जाते. आजच्या तुलनात्मक चाचण्यांचा पाया हाच आहे: कोणाला औषध मिळावं हे डॉक्टरच्या मर्जीने ठरता कामा नये आणि रोग्याच्याही नाही.

आता उंधेऱ्याला या. बडोदे संस्थानातलं हे गाव. फेब्रुवारी १८९८, गावात प्लेग आहे. इथे प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडतात. निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली झोपणारी माणसं, म्हणजे तुलना चोख. धाकट्याला टोचलं, तुम्हाला नाही. पुढचे काही आठवडे तुम्ही दोघं एकमेकांकडे कसे पाहाल?

हिशेब असा निघतो. टोचलेले ७१, त्यांतले ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेले ६४, त्यांतले २७ आजारी, २६ मृत्यू.

या आकड्यांनी लस सिद्ध झाली. १९२५ पर्यंत मुंबईहून तिच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या आणि परळच्या प्रयोगशाळेला हाफकिनचं नाव मिळालं. पण ते २६ जण माझ्या डोक्यातून जात नाहीत. भायखळ्याचा निकाल हाती असताना त्यांना ओलांडून सुई पुढे गेली. लसीवर आपला भरवसा बसला तो त्यांच्या जिवावर, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

माणसांवरच्या प्रयोगांना नियम घालून देणारी १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा हे टप्पे भरभर ओलांडून पुन्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात या. डिसेंबर २०२०. इथल्याच जे. जे. रुग्णालयात कोव्हॅक्सिन या कोविडवरच्या लसीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे. देशभरातून २५,८०० जण हवे आहेत. तुमच्यापुढे मराठीत छापलेलं संमतिपत्र आहे. त्यात लिहिलंय की २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस मिळतील. निम्म्यांना लस, निम्म्यांना लस नसलेलं द्रावण. तुमच्या वाट्याला काय आलं हे तुम्हाला कळणार नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. तुम्ही वाचता, थांबता, विचारता, मग सही करता.

१८९८ पासून इथवर बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट या सहीत आहे. उंधेऱ्यात ज्यांना लस मिळाली नाही त्यांच्यापुढे असं संमतिपत्र कोणी ठेवलं नव्हतं. इथे लस न मिळण्याची शक्यता माणसाने समजून उमजून पत्करली आहे. शेवटी कोविडचे १३० रोगी मोजले गेले: लस घेतलेल्यांत २४, न घेतलेल्यांत १०६. ते १०६ जणही ही लस सिद्ध करणाऱ्यांपैकीच आहेत. त्यांचे आभार कोणी मानल्याचं मी ऐकलेलं नाही. मी इथे मानतो.

आता आजच्या तारखेला या. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत तुम्ही मधुमेहासाठी किंवा आईच्या कर्करोगासाठी बसला आहात. एक तरुण डॉक्टर येऊन विचारते, "काका, आमच्याकडे एका औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का?" डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं म्हणून होकार देऊ नका. "आमच्यावर प्रयोग करता काय" म्हणून तडक उठूनही जाऊ नका. माहितीपत्रक घरी घेऊन जा, घरच्यांना वाचून दाखवा. चाचणीची सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद आहे का ते विचारा. एथिक्स कमिटीचा फोन नंबर मागा. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे; ते कागदावर लिहिलेलं आहे ना, हे पाहा. मधूनच सोडून जायचा हक्क तुम्हाला आहे आणि त्यापायी तुमचे नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही.

इतकं सगळं पटलं आणि मन तयार असलं, तर अवश्य हो म्हणा.